पडद्याच्या पाठीमागचा डोंगर

परवा खाम नदीच्या काठानं कॉलेजला जाताना अचानक तो वास आला आणि मी पायवाटेवरच थांबलो. भिजत घातलेल्या अंबाडीचा वास. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांना तो कुजका वाटेल, आणि खोटं कशाला बोलू, तो कुजकाच असतो. पंधरा-वीस दिवस दगडाखाली दाबून ठेवलेल्या पेंढ्या, साल सुटत आलेली, पाण्यावर हिरवट-काळी साय. माझ्याबरोबर दिगंबर होता. तो पालमचा, वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहतो. त्यानं नाकाला रुमाल लावला.

"चल की लवकर. कामून उभा राहिलास?"

"आमच्या घरचा वास आहे," मी म्हणालो.

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

मार्गशीर्षाच्या थंडीत दरवर्षी हा वास येतो. आमच्या घरी मात्र पाच हिवाळे तो आलेला नाही. आठ दिवसांनी सुट्टी लागेल, मी गावी जाईन, आणि तिथं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एक गोष्ट सांगायची की नाही हे मला त्याआधी ठरवायचं आहे. ते ठरत नाही म्हणून हे लिहायला घेतलं. लिहिताना निदान एका जागी बसून विचार होतो.

मी दोर वळणाऱ्याच्या घरचा. झरीच्या अलीकडे दोन कोसांवर आमचं गाव, आणि गावाच्या बाहेर ओढ्याकडेला आमची वस्ती. गावातल्या प्रत्येक बैलाच्या नाकातली वेसण, गळ्यातलं दावं, गाडीवानाच्या हातातला कासरा आणि विहिरीवरच्या मोटेचा जाड नाडा आमच्या वस्तीतून जायचा. गावात आम्हाला कुणी घरात घेत नसे, पण आमच्या हातच्या दोराशिवाय कुणाच्या घरी पाणी येत नसे. हे तेव्हा मला विचित्र वाटलं नाही. आता वाटतं.

ओढ्याच्या काठानं बाभळींच्या रांगेखाली चाळीस हात सरळ जागा होती. तिथं दोर वळायचे. एका टोकाला मी लाकडी फिरकी फिरवायचो. माझा थोरला भाऊ मारोतीदादा वाख, म्हणजे अंबाडीचे सुटे केलेले धागे, पुरवत राहायचा. आणि आबा कमरेला वाखाची जुडी बांधून, बोटांमधून धागा सोडत सोडत मागं मागं चालत जायचे. दोर वळणारा माणूस उलटाच चालतो. मागं खड्डा आहे की काटा, हे ते पायानंच ओळखायचे. एकदा मी विचारलं होतं, "आबा, मागं बघत न्हाई, पडत कसं न्हाईत?" तर दादाच म्हणाला, "त्येंच्या टाचेला डोळे हायेत. रातच्याला झोपताना झाकून ठिवतेत."

दादा असा होता. त्याचं लग्न ठरत आलं होतं आणि तो सगळ्या वस्तीला हसवत फिरायचा.

दिगंबर मला बर्फवेडा म्हणतो. औरंगाबादला आल्यापासून डोंगर चढण्याची एकही फिल्म मी सोडलेली नाही. मुख्य चित्रपटाआधी दाखवतात त्या बातम्यांच्या तुकड्यात कधी दोन मिनिटं डोंगर असतो. तेवढ्यासाठीही मी गेलो आहे. कॉलेजच्या हॉलमध्ये अधूनमधून माहितीपट दाखवतात. त्यात बर्फ नसलेल्या, नुसत्या उभ्या कातळावर चढणाऱ्या एका बाईची फिल्म मी पाहिली. ती बोटांच्या पेरांवर लटकून पुढची खाच शोधत होती, आणि माझ्या शेजारची मुलं शिट्ट्या मारत होती. मला तिचे पायच दिसत होते. ते आबांच्या टाचांसारखे न बघता जागा शोधत होते.

सगळ्यांत आवडती कोणती, असं कुणी विचारलं तर मी थोडा अडखळतो. शिखर न गाठता परत आलेल्यांची एक फिल्म आहे, ती मला फार आवडते. वर वादळ असतं, तंबू फाटतो, आणि पुढारी मान हलवून खाली चला म्हणतो. शेवटी ते खालच्या तळावर येतात, चहा पितात, आणि एक जण परत आलेली माणसं मोजतो. सगळे भरतात. दिगंबर म्हणाला, "ही काय फिल्म झाली? चढलेच न्हाईत की." मला ते मोजणं पुन्हा बघायचं होतं.

या सगळ्या फिल्मांत मी बघतो तो दोर. चढणाऱ्याच्या चेहऱ्याकडे, निळ्या आभाळाकडे लोक बघतात. मी दोराकडे बघतो, आणि दोराच्या खालच्या टोकाला जो माणूस पाय रोवून उभा असतो त्याच्याकडे. कॅमेरा त्याला फारसा दाखवत नाही. एक तर वर जाणारा दिसतो, नाहीतर शिखर. खालचा माणूस फक्त दोर सोडतो, ओढतो, आणि वर बघत राहतो. त्याच्या हातात काय चाललं असेल ते मला ठाऊक आहे.

पहिली फिल्म मी पाहिली ती गावात, सहा वर्षांपूर्वी. त्या वर्षी जगातल्या सर्वांत उंच शिखरावर माणसं पोचली होती. आमच्या गावापर्यंत ती बातमी फक्त मास्तरांच्या तोंडून आली होती, त्यामुळे कुणाला ती पुरती खरी वाटत नव्हती. मग हिवाळ्यात, अंबाडी भिजत पडलेली असताना, एका दिवेलागणीला सरकारी मोटार आली. चावडीपुढच्या दोन कडुनिंबांना मोठी पांढरी चादर बांधली. हिमालयातल्या एका शिखराची फिल्म दाखवणार होते. गाव चावडीच्या बाजूला बसला. पाटलांसाठी बाज आणली, बायाबापड्या एका अंगाला. आम्ही वस्तीतले लोक चादरीच्या पलीकडच्या बाजूला बसलो. कुणी आम्हाला तिकडे बसा म्हटलं नाही. म्हणावं लागलंच नाही. पाणी प्यायला आम्ही कुठं थांबायचं, जत्रेत कुठं उभं राहायचं, हे पायांना जसं ठाऊक होतं तसंच हे. चादर पातळ होती, पलीकडूनही चित्र स्वच्छ दिसत होतं. उलट आमच्याकडे गर्दी कमी, म्हणून दादा म्हणाला, "आपल्यालाच चांगली जागा घावली."

मग बर्फ आला.

"ह्यो कापूस हाय का काय?" दादा मोठ्यानं म्हणाला. "येवढा पिंजून कुणी ठिवलाय?"

"गप की, मुडद्या," माय म्हणाली. "बघूनच थंडी वाजायली मला."

भोंग्यातून एक माणूस समजावून सांगत होता, हिंदीत. "गौर से देखो भाईयो, चारों एक ही रस्सी से बंधे हैं. एक फिसला तो बाकी तीन उसको थामेंगे." बर्फाच्या उभ्या कड्यावर चार काळे ठिपके, आणि त्यांच्यामधून जाणारी एक बारीक रेघ. दादाचं हसणं थांबलं. दोर आम्ही रोज वळत होतो. त्यानं जनावर बांधायचं, मोट बांधायची, फार तर ओझं. माणसानं माणसाला बांधून घ्यायचं, आणि तेही पडू नये म्हणून, हे आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं त्याला पुन्हा हुक्की आली. "आबा, हे साहेबलोक समदेच डावरे हायेत की. बघा, कुऱ्हाड डाव्या हातात, चहा डाव्या हातात."

"उजवा थंडीनं गेला आसंल," शेजारचा एक म्हातारा म्हणाला, आणि आमच्या बाजूचे सगळे हसले.

मध्येच पडद्यावर अक्षरं आली. आबा माझ्याकडे वळले. "किसन्या, काय लिव्हलंय रं?"

आता जे लिहितो आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. मी तेव्हा झरीच्या शाळेत होतो. वस्तीतून शाळेत जाणारा मी एकटा. पहिली दोन वर्षं मी उर्दू शिकलो, मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, शाळा मराठी झाली, आणि त्या वर्षी नुकतं इंग्रजी सुरू झालं होतं. पडद्यावरची काही अक्षरं ओळखीची होती. ए, एम, टी मी ओळखले. मधली अक्षरं मात्र कुठली तरी वेगळीच, कधी न पाहिलेली. उर्दू उजवीकडून डावीकडं लिहितात, मराठी डावीकडून उजवीकडं. तशी इंग्रजीचीही आणखी एखादी तऱ्हा असेल, असं मला वाटलं. मला वाचता आलं नाही. आणि सगळी वस्ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"इंग्रजी हाय, आबा," मी म्हणालो. "ह्ये पुढच्या वर्गात शिकवणार हायेत."

आबांनी समाधानानं मान हलवली. मी एवढंच म्हणालो असतो, की आबा, अक्षरं उलटी दिसायलीत, तर त्यांना एका क्षणात समजलं असतं. उलट-सुलट हा त्यांचा जन्माचा धंदा होता. पण मला वाचता येत नाही हे म्हणायची मला लाज वाटली.

मग तो दोर आला. कुणाच्या तरी हातांनी गाठ आवळली, आणि पडदाभर फक्त दोर. मोटेच्या नाड्याएवढा जाड दिसत होता, त्यातला पेड न् पेड मोजता येत होता. आबा अर्धवट उठून उभे राहिले. बस की खाली, असं मागून कुणी तरी म्हणालं, ते त्यांना ऐकूच आलं नाही.

पुढं आठ-दहा दिवस आबांचं काम चालूच होतं. अंबाडी ओढ्यातून काढली, साल सोलली, वाख धुऊन वाळत घातला, सगळं झालं, पण त्यांचं ध्यान दुसरीकडं होतं. माय म्हणाली, "बर्फात जाऊन बसलेत जनू." एका सकाळी त्यांनी दादाला आणि मला बोलावलं.

"आपला दोर उभा धरला," ते म्हणाले, "तर पेड डावीकडून उजवीकडं वर चढतेत. व्हय का न्हाई?"

"व्हय," आम्ही म्हणालो. आमच्या मुलखात दुसरा पीळच नव्हता.

"त्येंचा दोर डाव्या पिळाचा हाय. म्या डोळ्यानं बघितला. पेड उजवीकडून डावीकडं चढायलेत."

"दोर उलटा धरला आसंल त्येनं," दादा म्हणाला.

आबांनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "येवढा मोठा झालास, अजून पीळ कळंना तुला. दोर वरचा खाली कर, खालचा वर कर, पीळ त्योच राहतंय. डावा म्हंजे डावा. येवढ्याशा दोरावर चार मानसं लोंबायलीत. आपल्या तसल्या बारीक दोरावर दोन न्हाई राहायची. कायतरी फरक आसंलच ना? त्यो हाच."

त्यात चूक कुठं होती? आजही मी तो हिशेब मनात उलगडून बघतो. त्यांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं होतं. त्यांच्या डोळ्यातून पीळ निसटणं शक्य नव्हतं. दोर उलटा केला तरी पीळ बदलत नाही, हेही खरं. फक्त एकच गोष्ट अशी आहे की जिनं पीळ बदलतो. ती म्हणजे दोराचं चित्र बघणाऱ्यानं पाठीमागून बघणं. ती त्यांच्या हिशेबात नव्हती, कारण आपण पाठीमागं बसलो आहोत असं त्यांना वाटतच नव्हतं. ती आपली जागा होती.

मी फिरकी उलट्या बाजूनं फिरवायला लागलो. पहिले दोन दिवस हात चुकायचा. दादा म्हणायचा, "साहेबाचा दोर हाय, इंग्रजीत फिरीव." आबा मागं मागं चालत जायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काही तरी होतं. आजवर त्यांनी आजोबांनी शिकवलेलाच दोर वळला होता. हा पहिला दोर त्यांनी स्वतः बघून, स्वतःच्या डोक्यानं वळला. दोर सुरेख झाला. घट्ट, गुळगुळीत, बोटांना थंड लागणारा. वस्तीतले लोक येऊन हात लावून बघायचे.

दादानं त्याचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या, आणि ओढ्याच्या दरडीवर चढायला लागला. वरून म्हणाला, "किसन्या, म्या पडलो तर धरशील न्हवं?"

"धरीन."

"धरीन म्हणतोय! येक शेरडू धरता येईना तुला."

मायनं ओरडून दोघांना खाली बोलावलं. त्या दिवशी तिनं ज्वारीच्या कण्या घालून अंबाडीची भाजी केली होती. पाला जून झालेला, फार आंबट. दादा डोळे बारीक करून खात होता आणि म्हणत होता, साहेबलोकांना ही भाजी दिली तर बर्फात घाम फुटंल. ती चव माझ्या जिभेवर अजून आहे. त्यानंतर आमच्या घरी ती भाजी झाली नाही.

चैत्रात विहिरींचा गाळ काढतात. मळ्यातल्या एका खोल विहिरीचं काम दादाला मिळालं. तीन दिवस तो जुन्या नाड्यावर उतरला. चौथ्या दिवशी आबा म्हणाले, नवा दोर लाव. तो दहा हात कमी पडला, म्हणून आबांनी जुन्या नाड्याचा तुकडा त्याला जोडला. पेडात पेड गुंफून इतका साफ सांधा केला की बोट फिरवलं तरी लागू नये. जुना तुकडा उजव्या पिळाचा, नवा डाव्या. असे दोन दोर एकमेकांना जोडायचे नसतात, हे आज मला ठाऊक आहे. भार पडला की दोघं एकमेकांचा पीळ सोडवतात. पण आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या एकच पीळ होता. दोन उलट पीळ एकत्र येण्याची वेळच कधी आली नव्हती. ते कुणी कुणाला शिकवायचं?

दादा खाली जायला लागला तसा दोर फिरायला लागला. तो स्वतःभोवती गिरक्या घेत होता आणि आतून त्याचा आवाज घुमत होता, "आबा, नुसतं फिरवायलाव! लगीन हितंच लावायलाव का?" वरची माणसं हसली. मीही हसलो. मी विहिरीच्या काठापाशी होतो, माझे दोन्ही हात दोरावर. मग सांध्याजवळचे पेड एकमेकांपासून सुटताना मला दिसले. अगदी सावकाश, कुणी तरी फिरकी उलटी फिरवत असल्यासारखे.

"धर!" आबा ओरडले.

मी धरला. माझ्या हातात दोर राहिला. हलका.

पुढचं मला लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. विहिरीचा तळ खडकाचा होता, आणि गाळ बराचसा दादानंच काढून टाकलेला होता.

पंधरा दिवसांनी आबा मायला एकच वाक्य बोलले. "त्येंचा दोर खरा व्हता. माजा हात खोटा निघाला." त्यांनी फिरकी ओढ्यात टाकून दिली. तेव्हापासून ते सडकेच्या कामावर खडी फोडायला जातात. गावाचे दोर झरीच्या बाजारातून येतात. आबांच्या मनात ते अजूनही तसंच आहे. कुठं तरी बर्फात एक माणूस होता, त्याला डावा पीळ नीट वळता येत होता. आपल्याला आला नाही, आणि त्यात पोरगा गेला.

मी शाळा सोडतो म्हणालो तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. "शीक. त्या पडद्यावर काय लिव्हलं व्हतं, ते वाचता यायला पायजे तुला." ते हे टोचून बोलले नव्हते. पण मी तेवढ्या एका वाक्यावर मॅट्रिक झालो आणि इथं आलो.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या हॉलमध्ये ती फिल्म पुन्हा लागली. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. सुरुवातीला ओळखू आली नाही. मग एक माणूस चष्म्यावरचा बर्फ पुसून चहाचा पेला उचलतो, ते दिसलं. हाच तो, असं मनात आलं, पण त्यानं पेला उजव्या हातानं उचलला. डोंगराची धार माझ्या आठवणीत डावीकडं उतरत गेलेली, ती इथं उजवीकडं उतरत होती. मला वाटलं यांनी रीळ उलटं लावलं. तेवढ्यात अक्षरं आली, आणि मी ती सहज वाचली. मोहिमेतल्या माणसांची नुसती नावं होती ती. सहा वर्षं मी ज्याला भीत होतो ते एवढंच होतं.

नंतर तो दोर आला. पडदाभर. पेड डावीकडून उजवीकडं वर चढत होते. आमच्या नाड्यासारखे. बाभळींखाली आजोबांपासून वळत आलेल्या प्रत्येक दाव्यासारखे.

मी उठलो आणि कुणाला न विचारता पडद्याच्या मागं गेलो. तिथं मोडकी बाकं आणि झाडू पडले होते. शेवटची पाच-सात मिनिटं मी तिथून पाहिली. माझा डोंगर होता तिथं, ओळखीचा, डावीकडं उतरणारा. सगळे पुन्हा डावरे झाले होते. मला दादाचा आवाज ऐकू येईल असं वाटलं.

दिगंबर शोधत आला. "आरं, हितं काय करायलास? हिकडून उलटं दिसतंय."

"हो," मी म्हणालो. "मला माहीत नव्हतं."

आबांना हे सांगायचं का? सांगितलं तर त्यांचा हात खोटा नव्हता, हे त्यांना कळेल. त्यांचा पीळच खरा होता, आणि साहेबांच्या कमरेलाही तोच होता. पण मग हेही कळेल, की दादा गेला तो आपण चादरीच्या कुठल्या बाजूला बसलो होतो त्यामुळं, आणि मला वाचता येत नाही हे मी कबूल केलं नाही त्यामुळं. स्वतःच्या हाताला दोष देऊन माणूस पाच वर्षं जगला. तो दोष काढून घेतला तर त्या जागी काय येईल? माझ्याबद्दल राग आला तर तो मी सोसेन. राग आला नाही तर काय करायचं, हे मला समजत नाही.

इथवर सुट्टीच्या आधी लिहिलं होतं. आता गावाहून परत आलो आहे.

चार दिवस मी हा विषय काढला नाही. पाचव्या सकाळी आबा भाकरी खाऊन अंगणात उन्हाला बसले होते. हातांना खडीच्या कामाचे घट्टे, बोटं सुजलेली. मी वहीचं पान फाडलं, त्यावर शाईनं मोठा दोर काढला, उजव्या पिळाचा, आणि पानाला तेलाचा हात लावला. पान उन्हाकडं धरलं.

"आबा, ह्यो पीळ कोनचा?"

"आपला. उजवा," ते न बघितल्यासारखं बघून म्हणाले.

मी पान तसंच धरलं आणि त्यांना म्हणालो, "आता हिकडं, मागच्या अंगाला या."

ते आले. तेलकट कागदातून ऊन आरपार येत होतं. त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुन्हा पुढच्या बाजूला गेले, पुन्हा मागं आले. चुलीपाशी मायचे हात थांबले होते.

"ती फिल्म म्या पुन्हा बघितली," मी म्हणालो. "फुडून. त्येंचा पीळ आपल्यासारखाच हाय, आबा. आन् ती अक्षरं... मला वाचता आली नव्हती. ती उलटी व्हती म्हणून. मला कळलं न्हाई. मी तुमाला खोटं सांगितलं."

आबांनी माझ्या हातातलं पान घेतलं, घडी घातली, पागोट्यात खोचलं आणि ते चालायला लागले. मी मागोमाग गेलो. ते गावात शिरले आणि चावडीपुढच्या त्या दोन कडुनिंबांपाशी थांबले. आम्ही बसलो होतो त्याच जागी आधी ते जाऊन उभे राहिले. तिथून झाडांकडं बघितलं. मग एका झाडाला वळसा घालून ते पुढच्या बाजूला, पाटलांची बाज होती तिथवर, पाऊल पाऊल मोजत चालत गेले. त्यांना असं समोर बघत, सावकाश, पावलं मोजत चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता. तो थांबला. "काय हुडकायलाव, आबा? काय हरवलं का?"

"न्हाई गा. पावलं मोजायलोय."

धनगर पुढं गेला. त्याची मेंढरं दोन्ही झाडांच्या मधून, चादर बांधली होती त्याच फटीतून, इकडून तिकडं निघून गेली. आबा ती सगळी जाईपर्यंत बघत राहिले.

"किसन्या," ते म्हणाले, "ते साहेब वर जायला किती दिस चालत व्हते?"

"महिनाभर, आबा. जास्तच."

त्यांनी पुन्हा त्या मागच्या जागेकडं बघितलं.

"वीस पावलं हायेत," ते म्हणाले. "आपल्याला येवढंच चालायचं व्हतं."